दाढेतली चौथी वाट

मे महिन्यात सुरतेला मावसभावाकडे गेलो होतो. तो उधन्याला राहतो, हिऱ्याच्या कारखान्यात कामाला आहे. पोहोचलो त्याच रात्री वरची दाढ ठणकू लागली. आपल्याकडे 'हल्लु नोवु' म्हटले की घरभर जाग होते, तसेच तिथेही झाले. वर्षापूर्वी याच दाढेचे रूट कॅनॉल करून टोपी बसवलेली! वैतागून म्हटले, उद्या उपटूनच टाकतो.

"दादा, थांब," भाऊ म्हणाला. "आमच्याकडे कच्चा हिरा आधी यंत्रात स्कॅन होतो. आत डाग कुठे, चीर कुठे, हे संगणकावर बघितल्याशिवाय तो घंटीवर चढत नाही." घंटी म्हणजे त्यांची पैलू पाडायची चकती.

तिथल्या डॉक्टरांनी सीबीसीटी स्कॅन काढला. नेहमीच्या एक्स-रेत दात सपाट होतो, एकामागे एक असलेल्या दोन नळ्या एकच दिसतात. या स्कॅनचे यंत्र डोक्याभोवती फिरते आणि दाढेचे काप पडद्यावर मांडते. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकांना दुसरी नळी असते. माझी तीच भरायची राहिली होती. आधीच्या डॉक्टरांवर मनातून चिडलो होतो, पण त्या नळीचे तोंड दाताच्याच थराखाली कसे झाकलेले असते ते पाहिले आणि निम्मा राग तिथेच उतरला.

ही शोधाशोध जुनी आहे. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी शंभर वर्षांपूर्वी काढलेल्या दातांत रबर भरून नळ्यांचे साचे घेतले. १९८४ साली अमेरिकेतल्या व्हर्टुची यांनी नळ्यांच्या रचनेचे आठ प्रकार सांगितले. आता मायक्रो-सीटी केसापेक्षा कितीतरी बारीक फाटे दाखवतो. पण तो काढलेल्या दातालाच चालतो. वेळ फार लागतो आणि किरणांचा मारा जिवंत माणसाला झेपणारा नाही. सीबीसीटीतही किरणे साध्या एक्स-रेपेक्षा जास्तच, म्हणून तो ऊठसूट काढत नाहीत.

चार दिवसांत पुन्हा रूट कॅनॉल झाले, दाढ वाचली. भावाने ते चित्र बराच वेळ निरखले. म्हणाला, "असला माल आमचा शेठ घेणार नाही."