हसण्याचा हक्क आणि त्याचे भाडे

रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी घरांच्या माळ्यावर जुन्या चित्रफितींची गाठोडी आजही पडून आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जिथे पडतो, तिथे अशा फितीवर पांढरी बुरशी धरायला वेळ लागत नाही. त्या लावून पाहाव्यात तर यंत्र नाही. व्हिडिओ यंत्रे बनविणाऱ्या जपानमधील फुनाई या अखेरच्या कंपनीनेही २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबविले. मग घर झाडताना ही अडगळ भंगारवाल्याकडे जाते आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. परंतु त्या फितींवर कष्टकरी माणसाच्या हसण्याचा एक इतिहास आहे. तो इतिहास कोणाच्या मालकीचा, आणि पुढच्या पिढीने तो पाहायचा तर कोणाला भाडे देऊन, हा पूर्णपणे राजकीय प्रश्न आहे. समाजवादी चळवळीने तो तेव्हा ओळखला नाही. आज तरी ओळखावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

१९८२ हे साल या दृष्टीने विलक्षण होते. १८ जानेवारीला मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि नोव्हेंबरातील आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत चित्र अवतरले. ज्या सरकारला गिरणी कामगारांचा प्रश्न सोडवायला वर्षभरात सवड झाली नाही, त्याच सरकारला रंगीत संचांच्या आयातीचे दार किलकिले करायला मात्र सवड झाली. संपकरी कामगार एस. टी. धरून राजापूर, लांजा, संगमेश्वर येथील आपापल्या गावी परतत होते. जवळजवळ त्याच सुमारास किनाऱ्यावरच्या गावांतून आखातात नोकरीला गेलेली माणसे सुट्टीवर येताना व्हिडिओ यंत्र घेऊन येऊ लागली. दूरचित्रवाणी ही श्रीमंतांची चैन आहे, अशी टीका तेव्हा चळवळीच्या व्यासपीठांवरून झाली. ती टीका त्या दिवशी खरी होती. पुढे काय झाले, हे पाहण्याची तसदी मात्र टीकाकारांनी घेतली नाही.

झाले ते असे. डोंगरांच्या आड वसलेल्या कित्येक वाड्यांवर प्रक्षेपणाची लहर पोहोचण्याआधी भाड्याचा व्हिडिओ पोहोचला. गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी आले, की वाडीत वर्गणी निघे. तालुक्याच्या गावाहून संच आणि यंत्र एका रात्रीपुरते आणले जाई. खळ्यात टेबल मांडून त्यावर संच ठेवायचा, समोर गोणपाट आणि चटया पसरायच्या. रात्रभरात तीन चित्रपट. त्यांतला एक देवाधर्माचा, एक मारामारीचा आणि एक विनोदी. मधेच चित्रावर मुंग्या आल्या, की यंत्राबरोबर आलेला पोरगा झाकण उघडून स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसे आणि तेवढ्या वेळात चहाची किटली फिरे. एका घराला जे यंत्र वर्षभराच्या कमाईतही परवडले नसते, ते वाडीला एका रात्रीपुरते परवडले. सहकाराची व्याख्या न वाचता वाडीने सहकार केला. मनिऑर्डरवर जगणाऱ्या मुलखाने आपली करमणूकही चार-चार आण्यांच्या हिशेबाने उभी केली.

अर्थशास्त्रात याला नेमके नाव आहे. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली सार्वजनिक वस्तूची कल्पना मांडली. जी वस्तू एकाने उपभोगल्याने दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही, ती बाजाराच्या हाती सोपविणे अव्यवहार्य ठरते. भाकरी एकाने खाल्ली तर दुसऱ्याला उरत नाही. विनोदाचे तसे नाही. पन्नास माणसे एका प्रसंगाला हसली म्हणून एकावन्नाव्याचे हसणे कमी होत नाही, उलट वाढते.

चळवळीतील विद्वानांनी याला सांस्कृतिक अफू म्हटले. लोक हसत बसतील तर लढतील केव्हा, असा त्यांचा रोकडा सवाल असे. या सवालामागे कामगाराच्या रिकाम्या वेळेविषयी तीच तुच्छता दडलेली आहे, जी गिरणीमालकाच्या मनात होती. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्या सुट्टीत कामगाराने सभेलाच यावे, अशी अट त्यांनी घातली नव्हती. आठ तास काम, आठ तास झोप आणि उरलेले आठ तास स्वतःचे, या मागणीतला तिसरा हिस्सा मजुरीचाच भाग आहे. मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांनी १८८० मध्ये ‘आळसाचा हक्क’ या नावाने पुस्तिका लिहिली, ती काही थट्टा म्हणून नव्हे. दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट लागत असे. रविवारच्या चित्रपटाची खरी किंमत लोखंड्यांच्या पिढीने अगोदरच चुकती केलेली होती.

शिवाय समाजवाद्यांनी विनोदाकडे नाक मुरडावे, हा तर स्वतःच्या कुळाचा विसर झाला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळी त्याच कलापथकाच्या वळणातून पुढे आली. दादा कोंडक्यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’चे लेखक वसंत सबनीस, आणि १९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’ लिहिणारेही वसंत सबनीसच. म्हणजे कोकणातल्या खळ्यात माणसे ज्या चित्रपटाला पोट धरून हसत होती, त्याची नाळ चळवळीच्याच वगनाट्याशी जुळलेली होती. ती ओळखण्याइतकीही उसंत चळवळीला झाली नाही.

तो चित्रपट कशाविषयी आहे, हे तरी पाहावे. पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही, म्हणून चार तरुणांपैकी दोघे बायकांचा वेष घेतात. घरटंचाई या विषयावर परिसंवाद पुष्कळ झाले असतील. घरमालकाचा माज आणि भाडेकरूची लाचारी इतक्या लोकांपर्यंत त्यांतला एकही परिसंवाद पोहोचला नाही. गिरणगावात गावाच्या नावाने घेतलेल्या एकेका गाळ्यात पंचवीस-तीस माणसे पाळीपाळीने पथारी पसरत. तशा गाळ्यातून गणपतीला गावी आलेला माणूस त्या चित्रपटाला का हसतो, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. १९८३ चा ‘जाने भी दो यारो’ तर राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या म्हणजे जनतेच्याच पैशातून निघाला. बिल्डर आणि महापालिकेचा आयुक्त यांची भागी त्यात उघडी पडते आणि शेवटी तुरुंगात जातात ती दोन निरपराध माणसे. १९८४ ची ‘ये जो है जिंदगी’ ही दूरदर्शन मालिका हिंदी व्यंगकार शरद जोशी यांनी लिहिली (शेतकरी संघटनेचे शरद जोशी ते वेगळे). क्रांती त्यात नव्हती. पगार पुरत नाही अशा घरातले नवरा-बायकोचे भांडण होते. स्वतःच्या ओढग्रस्तीकडे हसून पाहता येणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्याला हसता येते, तो खचत नाही. आणि खचलेल्या माणसांच्या बळावर कोणतीही चळवळ चाललेली नाही.

अर्थात या करमणुकीची वकिली करताना तिचे दोष झाकू नयेत. त्यातला पुष्कळसा विनोद बायकांच्या, जाड्या माणसांच्या, तोतऱ्यांच्या जिवावर चालत असे. कोकणी माणसाला तर दुहेरी अपमान सोसावा लागला. मराठी नाटक-सिनेमात मालवणी बोली बोलायची ती घरगड्याने, असा जणू दंडकच होता. राजापूर तालुक्यातील माडबनचे गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० साली हा दंडक मोडला. ज्या बोलीला पाहुणे हसत, त्या बोलीत गावानेच स्वतःला हसण्याची शिस्त मच्छिंद्र कांबळी यांनी रंगभूमीवर आणली. तेव्हा वाईट विनोदावरचा उतारा चांगला विनोद हाच होय, प्रवचन नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की व्हिडिओने नमन-खेळे आणि जाखडी मारली. नमनातला संकासूर आणि गौळणीतली मावशी यांनी पिढ्यानपिढ्या याच खळ्यांत हशा पिकविला, हे खरे. पण नमनाला माणसे लागतात, आणि माणसे मुंबईने अगोदरच ओढून नेली होती. गाव ओस पडला तो रोजगाराअभावी. त्याचे खापर एका रात्रीच्या भाड्याच्या यंत्रावर फोडणे हे खऱ्या गुन्हेगाराला सोडून देणे आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाड्याने मिळणाऱ्या फिती बहुधा चोरट्या प्रतींच्या असत. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा कडक झाल्या, तरी धंदा थांबला नाही; कारण अधिकृत फीत तालुक्याच्या गावी मिळतच नव्हती. यात निर्मात्याचे नुकसान झाले, तसेच लेखकाचे आणि लहान नटांचेही झाले. कलावंत हा देखील श्रमिकच आहे. त्याचे दाम बुडविण्याचे समर्थन समाजवाद्याला करता येणार नाही. पण त्यावर तोड नाही, असेही नाही. ग्रंथालयातून पुस्तक उसने दिले गेले, की लेखकाला सरकारी निधीतून मोबदला द्यायचा, ही पद्धत डेन्मार्कने १९४६ मध्ये आणि ब्रिटनने १९७९ च्या कायद्याने स्वीकारली. वाचक फुकट वाचतो आणि लेखकही उपाशी राहत नाही. हीच व्यवस्था चित्रकृतींना का लागू करू नये?

आता आजचे चित्र पाहावे. खळ्यातला संच गेला आणि प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला. दरमहा वर्गणी द्यायची, तिच्यावर अठरा टक्के जीएसटी द्यायचा, आणि एवढे करून हाती काहीच राहत नाही. वर्गणी थांबली, की हसणे थांबले. कंपनीने उद्या एखादा चित्रपट काढून घेतला, तर ग्राहकाने दाद मागायची ती कोणाकडे? जुनी फीत बुरसटलेली का होईना, घरात होती. ती शेजाऱ्याला देता येत होती. आजचा ग्राहक कायमचा कूळ झाला आहे. ज्या कोकणाने खोतीविरुद्धचा लढा पाहिला, कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या नावे व्हावी म्हणून झगडा केला, त्या कोकणात हसण्यावर नवी खोती बसली आहे. आणि खोताला निदान नाव-गाव होते.

या खोतीला पर्याय लोकांच्याच मालकीचा आहे, हे सर्वांत खेदजनक. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तिथे विनायक चासकरांचा ‘गजरा’ फुलला; चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने घरोघर पोहोचले. हे सारे जनतेच्या पैशातून झाले. संच बाळगणाऱ्या प्रत्येक घराने त्या काळी परवाना शुल्क भरले आहे. मग तो ठेवा आज कुठे आहे? ब्रिटनच्या बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत फिती पुन्हा वापरण्यासाठी पुसल्या आणि उत्तमोत्तम विनोदी कार्यक्रम कायमचे गमावले. नंतर तिला लोकांच्या घरांतून फिती शोधत फिरावे लागले. प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘वेव्हज’ नावाचे व्यासपीठ उघडले. २०२० च्या टाळेबंदीत ‘श्रीमान श्रीमती’ आणि ‘देख भाई देख’ या जुन्या मालिका दूरदर्शनने पुन्हा दाखविल्या आणि कामधंदा बंद पडून घरात कोंडलेल्या माणसांना त्यांनी आधार दिला. म्हणजे करता येते. परंतु संकट आले म्हणून दयेने दाखविणे वेगळे, आणि हक्क म्हणून उपलब्ध असणे वेगळे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. मुंबई केंद्राच्या संग्रहात १९७२ पासूनचे काय शिल्लक आहे आणि काय पुसले गेले, याची यादी प्रसार भारतीने प्रसिद्ध करावी. जे शिल्लक आहे ते वर्गणीविना, उतरवून घेण्याच्या मुभेसह लोकांना द्यावे. महामंडळाच्या पैशातून निघालेल्या चित्रपटांनाही हाच नियम लावावा. लेखक-कलावंतांचा मोबदला सरकारी निधीतून द्यावा. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांत पडदा आणि बसायला जागा करावी. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे. छापील पुस्तक हीसुद्धा मूठभरांची चैन होती, अशा काळात ते उघडले गेले. ती दृष्टी त्या काळच्या माणसांना होती; आज ती दुर्मिळ का व्हावी?

आणि सरकार जागे होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. सभासद नोंदणीसाठी घरोघर जाताना माळ्यावरच्या फितींचीही चौकशी करावी. बुरशीने खाण्याआधी त्या एकत्र करून त्यांची प्रत काढून घ्यावी. कदाचित दूरदर्शनने पुसलेला एखादा भाग एखाद्या चाकरमान्याने घरी मुद्रित करून ठेवलेला असेल. गणपतीच्या जागरणाला वाडीत पडदा लावावा आणि भाषण न करता माणसांबरोबर बसून हसावे. जो पक्ष लोकांच्या दुःखालाच तेवढा हजर राहतो, त्याला लोक दुःखातच आठवतात. हसतानाही जो शेजारी बसलेला असतो, तो घरचा होतो.