ड्रॅगन खरंच पेटला होता

२२ एप्रिल २०२३. शनिवारची रात्र. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या डिस्नीलँडमध्ये ‘फँटास्मिक’चा खेळ चालू होता. पाण्यापलीकडच्या बेटावर उभा असलेला पंचेचाळीस फुटी ड्रॅगन या खेळात आग ओकायचा आणि मिकी माऊस त्याला हरवायचा. नेहमी येणाऱ्या मुलांना हे सगळं तोंडपाठ. त्या रात्री आगीनं ड्रॅगनचं डोकंच धरलं आणि बघता बघता तो आपादमस्तक पेटला. खेळ थांबवून लोकांना तिथून हलवलं गेलं. प्रेक्षकांपैकी कुणाला इजा झाली नाही. धुराचा त्रास झालेल्या काही कर्मचाऱ्यांवर तेवढे उपचार करावे लागले. त्या प्रसंगाचे व्हिडिओ पाहताना माझं लक्ष ज्वाळांपेक्षा प्रेक्षकांकडेच जातं. मोबाइल वर धरलेले आहेत, मुलं खांद्यावर आहेत. ‘आज इफेक्ट जरा जोरातच आहे’ असं सुरुवातीला कित्येकांना वाटलं होतं.

पॅरिसजवळच्या डिस्नीलँडमध्ये पाच वर्षं आधी नेमकं याच्या उलट घडलं होतं. २४ मार्च २०१८ च्या संध्याकाळी कसलासा खडखडाट झाला, कुणीतरी गोळीबार म्हणालं आणि लोक वाट फुटेल तिकडे पळत सुटले. पोलीस आले, शोधाशोध झाली. पार्किंगमधला एक सरकता जिना बिघडून आवाज करत होता, एवढंच निघालं. यावर हसणं सोपं आहे. पण आदल्याच दिवशी दक्षिण फ्रान्समध्ये त्रेब गावच्या सुपरमार्केटात अतिरेकी हल्ला झाला होता. ती बातमी डोक्यात घेऊनच ती माणसं मुलाबाळांसह तिथे आली होती. त्याआधी १४ जुलै २०१६ ला नीसमध्ये राष्ट्रीय दिनाची आतषबाजी संपून लोक किनाऱ्यावर रेंगाळत असताना एकानं ट्रक गर्दीत घातला आणि ८६ जीव घेतले. बरोबर महिन्यानं त्याच किनाऱ्यावरच्या ज्वाँ-ले-पँ या गावात कुणीतरी फटाके वाजवले. लोक पळाले आणि त्या पळापळीत चाळीसच्या आसपास माणसं जखमी झाली.

खऱ्या आगीला खेळ समजलं जातं आणि खडखडणाऱ्या जिन्याला गोळीबार. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री भारतानं कटकला इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना जिंकला होता. दक्षिण मुंबईत अतिरेक्यांच्या गोळीबाराचे पहिले आवाज आले तेव्हा ‘जिंकलो वाटतं’ म्हणून खिडकीशी गेलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. लास व्हेगासला १ ऑक्टोबर २०१७ च्या संगीत महोत्सवात गोळ्या सुरू झाल्या, तेव्हाही पहिल्या काही क्षणांत अनेकांना ते फटाकेच वाटले होते. कान बिचारा आवाज तेवढा पकडतो. तो आवाज कशाचा, हे ठरवताना मेंदू कालची बातमी, आजचा प्रसंग आणि शेजारच्याचा चेहरा पाहतो.

थीम पार्कमध्ये याला आणखी एक पदर आहे. तिथे आपण पैसे मोजून घाबरायला जातो. किंकाळ्या, धूर, अचानक होणारा अंधार, हा तिथला माल आहे. त्यामुळे खरा धूर आला तरी तो मालाचाच भाग वाटतो. याची जबर किंमत ११ मे १९८४ ला न्यू जर्सीत मोजली गेली. ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर’ या पार्कात ट्रेलर एकमेकांना जोडून उभारलेला भुताटकीचा वाडा होता. त्याला आग लागली आणि आत गेलेली आठ किशोरवयीन मुलं बाहेर येऊ शकली नाहीत. आत पाण्याचे फवारे नव्हते, धुराची सूचना देणारं यंत्र नव्हतं. त्यानंतर अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत अशा करमणुकीच्या इमारतींसाठी वेगळे नियम आले. त्यातला एक मला फार शहाणपणाचा वाटतो: धुराची चाहूल लागताच गोंधळात पाडणारे आवाज आणि दृश्यं बंद झाली पाहिजेत आणि दिवे लागले पाहिजेत. म्हणजे भुतांनी आधी गप्प बसायचं. मग माणसांनी बाहेर पडायचं.

उघड्यावरच्या आतषबाजीत एवढं सोपं नसतं. नळीतून सुटलेला गोळा परत बोलावता येत नाही. पण पुढचा थांबवता येतो. मोठे खेळ संगणकावरून चालत असले तरी बटण दाबून धरलेला एक माणूस तिथे असतो; त्यानं हात काढला की पुढचा मारा बंद. प्रेक्षक किती लांब ठेवायचे, याचं अमेरिकेत साधं गणित आहे. गोळ्याचा व्यास इंचात मोजायचा आणि दर इंचामागे ७० फूट सोडायचे. सहा इंची गोळा असेल तर ४२० फूट. डिस्नीलँडनं २००४ पासून काळ्या दारूऐवजी दाबलेल्या हवेनं गोळे वर फेकायला सुरुवात केली, त्यामुळे जमिनीलगतचा धूर कमी झाला. तिथला खेळ ऐनवेळी रद्द झाला की लोक फार चिडतात, कारण खाली झाडाचं पान हललेलं नसतं. वारा असतो तो वर, गोळा फुटतो तिथे, आणि ठिणग्या कुठे पडणार ते तोच ठरवतो. रद्द करणाऱ्याला शिव्या घालण्याआधी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

एकूण, आभाळाची काळजी बरीच घेतलेली असते. आतषबाजीत माणसं मरतात ती बऱ्याचदा जमिनीवर. जपानमध्ये ह्योगो प्रांतातल्या आकाशी शहरात २१ जुलै २००१ ला उन्हाळी आतषबाजी होती. स्टेशनकडून समुद्राकडे जाणारा पादचारी पूल माणसांनी भरला. इकडून जाणारे आणि तिकडून परतणारे मधोमध अडकले. ११ जण चिरडून गेले, त्यातली नऊ लहान मुलं. त्यांच्या अंगावर एकही ठिणगी पडली नव्हती. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर झालेली चेंगराचेंगरी आठवणाऱ्या कुणालाही तो पूल डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत.

हे सगळं माहीत असल्यामुळे ऑर्लँडोला डिस्नीच्या मॅजिक किंग्डममध्ये भाच्याच्या कुटुंबाबरोबर आतषबाजीची वाट पाहत उभी होते तेव्हा मी किल्ल्याकडे कमी आणि पायांकडे जास्त पाहत होते. रस्त्यावर रंगीत चिकटपट्टीनं रेघा आखलेल्या असतात. रेघेच्या या बाजूला उभं राहायचं, त्या बाजूला चालत राहायचं. लाल दिव्याच्या कांड्या हलवणारी कॉलेजच्या वयाची मुलं एकच वाक्य न कंटाळता म्हणत असतात, की थांबू नका, चालत राहा. आमच्या शेजारी एक मराठी आजी नातवाच्या बालगाडीला धरून उभ्या होत्या. “काय हो ही शिस्त! आमच्या डोंबिवलीला आणा यांना,” असं त्यांनी मला ओळखदेख नसताना ऐकवून टाकलं. (परदेशात साडीवर स्वेटर दिसला की मराठी बोलायला परवाना लागत नाही.)

खेळ सुरू व्हायच्या थोडं आधी, सगळीकडे अंधार होऊन गर्दी शांत झालेली असताना, आमच्या मागे फाट्‌कन आवाज झाला. पुढच्या रांगेतला एक बाप झटक्यात खाली बसला आणि त्यानं मुलीचं डोकं पोटाशी धरलं. दोघं-तिघं आडवे सरकले, एक बालगाडी दुसरीवर आदळली. आजी मात्र ढिम्म. सुतळी बॉम्बवर वाढलेला पिंड तो! तेवढ्यात कांडीवाली मुलगी गर्दीकडे तोंड करून, हात उंच धरून, खणखणीत आवाजात म्हणाली की फुगा फुटलाय, फक्त फुगा, सगळं ठीक आहे. आणि कांडीचा प्रकाश तिनं त्या फाटक्या फुग्यावर टाकून दाखवला. बाप उठला, कसनुसा हसला. मुलगी मात्र बराच वेळ त्याला चिकटून होती.

त्या बापाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. शाळेत आणि मॉलमध्ये गोळीबार होणाऱ्या देशात राहणाऱ्या माणसानं आधी वाकावं आणि मग चौकशी करावी, हेच बरोबर. गर्दी बिथरली, लोकांनी डोकं गहाण टाकलं, अशी वाक्यं आपल्या बातम्यांत सर्रास येतात. ती मला पटत नाहीत. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ जॉन ड्ररी वर्षानुवर्षं गर्दीचा अभ्यास करत आहेत. त्यांचंही म्हणणं असंच, की माणसं हाती असलेल्या माहितीवर बऱ्यापैकी समंजस वागतात आणि संकटात अनोळखी माणसाला हातही देतात. माहितीच खोटी किंवा अर्धी असेल तर समंजसपणाही खड्ड्यात नेतो.

लोकांना खरं सांगितलं तर धावपळ होईल, ही आयोजकांची आवडती समजूत. गिलेन प्रू आणि जोनाथन साइम या दोघांनी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या भुयारी स्टेशनात याची परीक्षा घेतली. कधी नुसती घंटा वाजवून, कधी लाऊडस्पीकरवरून काय झालंय आणि कुठे जायचंय ते नीट सांगून त्यांनी स्टेशन रिकामं करायला लावलं. नुसत्या घंटेला लोकांनी भीक घातली नाही. नेमकं सांगितल्यावर मात्र ते मुकाट्यानं बाहेर पडले. १९९१ साली छापलेल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी विचारलंय की लोकांना खरं सांगून का टाकू नये. तीस-पस्तीस वर्षं झाली, तरी आपल्या सिनेमागृहात, लग्नाच्या हॉलमध्ये आणि कॉलेजात भर अजूनही घंटेवरच. ती वाजली की शेजारचा म्हणतो, टेस्टिंग चालू असेल.

मुंबईला या संशोधनाचा पुरावा २६/११ लाच मिळाला. सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षात माईकसमोर होते. बंदूकधारी दिसल्यावर त्यांनी प्रवाशांना स्टेशनातून निघून जायला सांगितलं, आणि नुसतं ‘पळा’ न म्हणता फलाट क्रमांक एकच्या मागच्या बाजूनं बाहेर पडा, असं पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ज्या आवाजात रोज कल्याण स्लो आणि कर्जत फास्ट ऐकायची सवय, त्याच आवाजानं कित्येकांना जिवंत बाहेर काढलं.

असा आवाज नसला की काय होतं, ते २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ दिसलं. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली, लोक भराभर खाली उतरले. गाडीला आग नव्हती. पण शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस येत होती. डझनभर माणसं गेली. अफवा दोन शब्दांची होती. तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात ‘आग नाही, उतरू नका’ म्हणणारं त्या डब्यात कुणी नव्हतं.

थीम पार्कवाल्यांकडे मोठा आवाज भरपूर आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर स्पीकर आहेत, झाडाझुडपांतसुद्धा लपवलेले आहेत. स्वप्न मोडायला त्यांचा जीव होत नाही, एवढीच माझी शंका. हजारो रुपये घेऊन दाखवलेली परीकथा मधेच थांबवून ‘हा खेळ नाही, उजव्या बाजूनं बाहेर पडा’ असं रोखठोक सांगायचं, तेही पहिल्या अर्ध्या मिनिटात, याला छाती लागते. अडचणीच्या वेळी ‘अपरिहार्य कारणास्तव’ छापाची गुळमुळीत भाषा ऐकली की मी तरी आधी दाराकडे पाहते. डिस्नीच्या कर्मचाऱ्यांना शिकवलेल्या अग्रक्रमात सुरक्षितता पहिली येते, सौजन्य आणि देखावा नंतर. हा क्रम कागदावर ठेवणं सोपं. आभाळ रंगांनी भरलेलं आणि खालून टाळ्या पडत असताना तो पाळणाऱ्या माणसाला मात्र नंतर कुणी जाब विचारता कामा नये, अगदी तो धोका खोटा निघाला तरी. फुकट थांबवलेल्या दहा खेळांचे पैसे परत करणं परवडतं, असं माझं स्वच्छ मत आहे.

मे महिन्याच्या सुटीत सहलीच्या बसगाड्या भरभरून मराठी मंडळी पॅरिस, ऑर्लँडो, सिंगापूरच्या पार्कांत जातील. टूर लीडर मंडळींना एक विनंती. ‘चुकलात तर किल्ल्यासमोर भेटू’ असं सांगू नका. आतषबाजीनंतर सगळं पार्क किल्ल्यासमोरच असतं. भेटायची जागा दिवसाउजेडी प्रत्यक्ष दाखवा, आणि ती बाहेर पडायच्या वाटेवरची असू द्या. प्रवाशांनो, चिकटपट्टीच्या रेघेवर उभं राहून फोटो काढू नका, ती पळायची वाट आहे. बालगाडी गर्दीच्या मध्यात नेण्यापेक्षा कडेला ठेवा, चित्र थोडं तिरकं दिसेल. आवाज झाला आणि नेमकं कळलं नाही तर मोबाइल खाली घ्या, मुलाचा हात धरा आणि कडेकडेनं गर्दीबाहेर या. धोका खोटा निघाला तर दुसऱ्या दिवशीचा खेळ पाहता येईल.