ताटावरचा खटला आणि पानठेल्यावरचा आरोपी

घरात कुणाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला की दुसऱ्या दिवसापासून एक खटला उभा राहतो. आरोपी ठरलेला असतो, तो म्हणजे ताट. तूप किती खात होते? भात दोन वेळा होता का? तेल कोणते वापरता? भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा या खटल्यात सरकारी वकील होतो. असा एक खटला मी स्वतः बसून ऐकला आहे. तो ऐकल्यापासून माझ्या मनात जे खदखदते आहे ते आज लिहून टाकतो.

माझी धाकटी बहीण नागपूरला शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. तिचे सासर राजेगावचे. गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याने निघालात की वाघ नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेशातले राजेगाव. १९५६ पर्यंत दोन्ही काठ एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. राज्ये बदलली तरी सोयरिकी तशाच राहिल्या. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी पोवारी. दोन्ही काठांना धानाचीच शेती. आम्हा गोवेकरांना तिथे परके वाटत नाही, कारण भाताशिवाय जेवण झाले असे तेही मानत नाहीत आणि आम्हीही मानत नाही. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मेहुण्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितले होते.

तर या मेहुण्यांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झटका आला. वेळेवर शहरात नेले, रक्तवाहिनीत जाळी बसवली, माणूस वाचला. मी भेटायला गेलो तेव्हा अंगणात आठ-दहा मंडळी जमली होती आणि खटला रंगात आला होता. एकाने तुपाला दोष दिला, दुसऱ्याने भाताला. तिसरे एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमच्या गोव्याकडचं खोबरं हो! सूनबाई भाजीत खोबरं घालते, तेच चढलं असंल.” बहीण चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

घरी जाताना डॉक्टरांनी दिलेला छापील कागद तिने मला दाखवला. तूप बंद, खोबरे बंद, अंड्याचा पिवळा भाग बंद, भात कमी. दोन्ही बाजू भरून खाण्याची यादी. तंबाखूबद्दल तळाशी एक ओळ, तीही घडीत गेलेली. मी मेहुण्यांना हळूच विचारले, “खर्रा सुटला का?” ते ओशाळून हसले. “डॉक्टर विचारत होते का खाता म्हणून. मी खरंखरं सांगितलं. खर्रा म्हणजे का खाणं होय का, दादा?”

गोव्याच्या वाचकांना खर्रा ठाऊक नसेल. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर खसाखस घोटतात आणि पुडी करून देतात. मेहुण्यांना दिवसाला अशा पाच-सहा पुड्या लागत, कॉलेजच्या वर्षांपासून. गंमत पाहा, आपली भाषा तंबाखू ‘खाल्ली’ असेच म्हणते. भाषेला जे कळते ते पथ्याच्या कागदाला कळत नाही!

आता थोडी आकडेमोड. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालचे ‘इंटरहार्ट’ संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. बावन्न देशांतले झटका आलेले रुग्ण आणि तेवढेच निरोगी लोक त्यात तपासले होते. जगभरातल्या झटक्यांच्या सुमारे नव्वद टक्के धोक्याचा हिशेब नऊ गोष्टींनी लागतो, असे त्यात दिसले. त्या नऊ गोष्टी अशा: धूम्रपान, रक्तातली बिघडलेली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्याचा प्रश्न. याच संशोधनातून २००७ साली असेही पुढे आले की आपल्या दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतर देशांपेक्षा जवळजवळ सहा वर्षे आधी.

आणि तंबाखू? त्याच संशोधनाचा तंबाखूवरचा भाग २००६ साली आला. तंबाखू अजिबात न घेणाऱ्याच्या तुलनेत नुसती चघळणाऱ्याला झटक्याचा धोका सव्वादोन पट. बिडी ओढणाऱ्याला जवळजवळ तिप्पट, म्हणजे सिगारेटइतकाच. ओढणे आणि चघळणे दोन्ही करणाऱ्याला चौपट. ‘आम्ही ओढत नाही, नुसती खातो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा पानठेल्यावर लिहून ठेवावा. तंबाखू तोंडाच्या कर्करोगाशी जोडली गेली, पुडीवर तसली चित्रे आली, आणि तिचा हृदयाशी संबंध लोकांच्या ध्यानातून गेला. निकोटीन तोंडातून गेले काय नि फुफ्फुसातून गेले काय, नाडी वाढवते, रक्तदाब वाढवते.

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात मध्य प्रदेशात ३४.२ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, महाराष्ट्रात २६.६ टक्के. २०१२ साली दोन्ही राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली, मध्य प्रदेशाने तर देशात आधी. तरीही पुलाच्या दोन्ही टोकांना खर्रा घोटला जातोच आहे.

मग खटला ताटावरच का? मला याचे उत्तर सोपे दिसते. ताट घरात असते आणि ते वाढणारी बाई असते. तिला दोष देता येतो, ती उलटून बोलत नाही. पानठेला मात्र पुरुषांची जागा. तिथे मित्र भेटतात, राजकारण होते, उधारी चालते. त्या जागेला हात लावायचा म्हणजे स्वतःला हात लावायचा. त्या अंगणात खटला चालवणाऱ्या आठ-दहा जणांपैकी निम्म्यांच्या गालफडात खर्रा होता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. न्यायाधीशच आरोपीचे भागीदार!

ताटावरच्या खटल्यांचा इतिहासही फारसा अभिमानाचा नाही. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि पुढे घराघरात तुपाच्या जागी बसला. त्यातली ट्रान्स चरबी हृदयाला तुपाहून वाईट, हे कळायला दशके गेली. भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा लागू झाली ती २०२२ साली! दुसरीकडे रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली रेल्वे कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तूप-दुधावर वाढलेल्या पंजाबी कर्मचाऱ्यांपेक्षा दक्षिणेतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकार सात पट आढळला. म्हणून तूप निर्दोष आणि भात गुन्हेगार, असे कुणी म्हणू नये. त्या काळचा अभ्यास, त्याच्या मर्यादा आहेत. पण एक पदार्थ पकडून फाशी देण्याची घाई किती फसवी असते, एवढे त्यावरून नक्की कळते.

मराठी माणसाला या विषयावर डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक ठाऊक आहे. राजेगावहून गडचिरोली काही फार लांब नाही. तिथे काम करणाऱ्या या डॉक्टरांना १९९५ साली, पंचेचाळिशीच्या आत, झटका आला. त्यांनी स्वतःचे सारे जगणेच तपासायला घेतले. पण माझ्या ओळखीच्या अनेकांनी त्या पुस्तकातून काय उचलले? बिनतेलाची भाजी! अमेरिकेतल्या डीन ऑर्निश यांच्या १९९० च्या ज्या प्रयोगाचा एवढा बोलबाला झाला, त्यात अत्यल्प चरबीच्या शाकाहाराबरोबर व्यायाम, ध्यान, धूम्रपानत्याग आणि एकमेकांना आधार देणारा गटही होता. आपण त्यातले स्वयंपाकघर तेवढे घेतले, कारण ते दुसऱ्याने सांभाळायचे असते. आणि डॉ. बंग यांनी पुढे गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान उभे केले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

मित्रहो, आहाराचा हृदयाशी संबंध नाही असे मी म्हणत नाही. खोबरेल तेलाने वाईट कोलेस्टेरॉल वाढते, असे २०२० साली सोळा प्रयोगांच्या एकत्रित तपासणीत दिसले. गोवेकर म्हणून मला ते आवडले नाही, पण नाकारता येत नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपले लोणचे-पापड-सुके मासे त्या हिशेबात बसत नाहीत. राजेगावात धानानंतर त्याच बांधीत लाखोळी आणि जवस घेत. घरच्या जवसाच्या तेलाची जागा आता पामोलिनच्या पिशवीने घेतली, हेही वाईटच झाले.

आणि आपण गोवेकरांनी राजेगावाला हसू नये. त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणात गोव्यात तंबाखू देशात सर्वांत कमी, ९.७ टक्के. छाती फुगली ना? आता दुसरा आकडा ऐका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ होती. आम्ही काय करतो? शीत-कडीतल्या नारळावर वाद घालतो. उकड्या तांदळाची पेज पिऊन दिवसभर शेतात राबणाऱ्या आजोबांचे गोडवे गातो, पांढरा भात त्यांच्याइतकाच वाढून घेतो आणि स्कूटरवरून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. त्यांचा खटला पानठेल्यापर्यंत जात नाही, आमचा खुर्चीपर्यंत. प्रत्येक गाव आपल्या लाडक्या आरोपीला लपवते, एवढेच.

तेव्हा झटका आलेल्या घरी जाल तर तूप-खोबऱ्याची चौकशी नंतर करा. आधी विचारा, तंबाखू सुटली का? रक्तदाब मोजला का? साखर तपासली का? गोळ्या रोज घेतात का? पायी किती चालतात? यातला एकही प्रश्न ताट वाढणाऱ्या बाईला विचारायचा नाही. ज्याचे हृदय आहे त्याला विचारायचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मेहुण्यांना घेऊन पुलापर्यंत चालत गेलो. वाटेत पानठेला आला. पाय अडखळले, खिशात हात गेला, पुन्हा बाहेर आला. पुढे गेलो. त्यानंतर ते दोनदा घसरले, हेही सांगतो, कारण तंबाखू सोडणे सोपे नाही. गेले सात महिने मात्र पुडी बंद आहे. बहीण फोनवर सांगते, आता ते स्वतःच भाजीत थोडे खोबरे मागतात.

मी म्हटले, दे. चमचाभर दे, पण अपराध्यासारखी नको देऊस.