कातळावरच्या घराचे पाणी

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिमीहून अधिक पाऊस पडतो, तरी कातळावरच्या शेतघराला एप्रिल-मेमध्ये पाणी विकत आणावे लागते. जांभा सच्छिद्र आणि उतार तीव्र, त्यामुळे मुरलेले पाणी फार काळ थांबत नाही. विहिरी तळ गाठतात. म्हणून छपराचे पाणी साठवताना पाऊस किती पडतो यापेक्षा पावसाविना किती दिवस काढायचे, हे आधी ठरवावे लागते.

एक चौरस मीटर छपरावर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. क्षेत्र कौलांच्या उतारावरून न मोजता वळचणीपासून वळचणीपर्यंत आडवे मोजायचे. दोन खोल्यांच्या घराचे छप्पर 40 चौरस मीटर धरले, तर एका पाख्याचे 20. उडून-सांडून जाणारे वजा करून 80 टक्के हाती लागले, तरी एकाच पाख्यावरून 48,000 लिटर मिळतात. गरज मात्र थोडी आहे. चार माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज 20 लिटर, मध्य ऑक्टोबर ते जूनची सुरुवात असे 240 दिवस, म्हणजे 4,800 लिटर. कोकणात एका बाजूची पन्हळ पुरते. दुसऱ्या बाजूचा खर्च टाकीत घालणे शहाणपणाचे. माणदेशात 500 मिमी धरले तर तोच पाखा 8,000 लिटर देतो. तिथे कोरड्या वर्षाचा विचार करून दोन्ही बाजूंना पन्हळी हव्यात.

पन्हळीला मीटरमागे एक सेंटीमीटर उतार द्यावा. तासाला 100 मिमीची सर आली तर एका पाख्यावरून मिनिटाला 33 लिटर पाणी उतरते. 110 मिमीचा पाइप ते सहज वाहून नेतो. कौले किंवा रंगीत पत्रा चालतो, जुना सिमेंटचा ॲस्बेस्टॉस पत्रा पिण्याच्या पाण्यासाठी टाळावा. छपरावर झुकलेल्या आंबा-फणसाच्या फांद्या मे महिन्यातच छाटाव्यात.

पाण्याची शुद्धता सर्वाधिक अवलंबून असते ती पहिले पाणी सोडून देण्यावर. उन्हाळाभराची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पालापाचोळा सुरुवातीच्या सरींतच धुऊन येतो. मुख्य पाइपला टाकीच्या अलीकडे फाटा काढून 40 लिटरचे पिंप जोडले, की छपरावरचे पहिले दोन मिमी पाणी त्यात जाते आणि ते भरल्यावर पुढचे टाकीकडे वळते. पिंपाच्या तळाला बारीक भोक ठेवले, तर दोन सरींच्या मधल्या उघडिपीत ते आपोआप रिकामे होते. जूनचा पहिला आठवडा मात्र सगळेच पाणी बागेत सोडलेले बरे.

5,000 लिटरच्या एका टाकीपेक्षा अडीच हजारांच्या दोन घ्याव्यात. भरल्यावर प्रत्येकीचे वजन अडीच टन होते, म्हणून खाली जांभ्या चिऱ्यांचा पक्का, समतल चौथरा लागतो. टाकी काळी, बंद; उजेड आत गेला की शेवाळ धरते. हवेच्या आणि ओसंडीच्या तोंडांना डास अडवणारी बारीक जाळी, नळ तळापासून चार बोटे वर, गाळ काढायला वेगळी तोटी. ओसंडणारे पाणी पायापासून दूर, माडांच्या आळ्यांत न्यावे.

ऑगस्टअखेर एक टाकी रिकामी करून घासावी, सप्टेंबरच्या पावसात ती भरली की दुसरी. अडीच हजार लिटरला या पाख्यावर सुमारे 160 मिमी पाऊस लागतो. अशा रीतीने उन्हाळ्यासाठी धुतलेल्या छपरावरचे, सरत्या पावसाचे पाणी राहते. पिण्यापुरते ते उकळून घ्यावे किंवा ठरल्या मात्रेत क्लोरीन घालून अर्धा तास थांबावे.