‘सी’ ड्राइव्हची लाल पट्टी

‘सी’ ड्राइव्हखालची निळी पट्टी लाल झाली की समजायचं, दहा टक्क्यांहूनही कमी जागा उरली. आणि ही पट्टी लाल झालेली आपल्याला दिसते कधी? फॉर्मची शेवटची तारीख असते, त्याच रात्री!

कारंजा तालुक्यातल्या आपल्या कामरगावसारख्या गावात घरात लॅपटॉप बहुतेक एकच. त्यावर ताईचं बी.एस्सी.चं प्रोजेक्ट, तुमच्या एमपीएससीच्या नोट्स, बाबांचा पीकविम्याचा कागद आणि मामाच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ. तो भरणारच. मग कुणीतरी सांगतं, ‘फॉरमॅट मारून घे ना बाप्पा!’ मीही एकदा घेतला होता मारून. लॅपटॉप चकाचक परत आला, पण तीन वर्षांच्या नोट्स गेल्या त्या गेल्याच. दुकानदाराने ‘बॅकअप पाहिजे का’ असं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की, फॉरमॅट हा शेवटचा उपाय. नवा लॅपटॉप तर त्याच्याही नंतर.

आधी एक गैरसमज काढून टाका. २५६ जीबीचा लॅपटॉप घेतला आणि विंडोज २३८ दाखवतंय, म्हणजे दुकानदाराने फसवलं असं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. फरक तिथे पडतो.

आता कामाचं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज उघडा. कुणी किती जागा खाल्ली ते तिथे लिहिलेलं असतं. ‘टेम्पररी फाइल्स’मध्ये अपडेटचं उरलंसुरलं, जुन्या विंडोजची प्रत, रीसायकल बिन असं सगळं सापडेल. (डिलीट केलेली फाइल रीसायकल बिनमध्ये असेपर्यंत जागा अडवूनच बसते, हे अनेकांना माहीतच नसतं.) हे बिनधास्त काढा. फक्त नुकतंच मोठं अपडेट झालं असेल तर जुन्या विंडोजची प्रत थोडे दिवस राहू द्या. नव्याने त्रास दिला तर मागे फिरायची वाट तीच.

पण थांबा! त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ नावाचाही एक चौकोन असतो. त्यावर सहसा खूण नसते, पण आपण घाईत सगळ्याच चौकोनांवर टिचकी मारत सुटतो. आता तुमचा डाउनलोड्स फोल्डर आठवा. जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल, महाडीबीटीच्या अर्जाची पीडीएफ. ‘टीसी’, ‘टीसी १’, ‘टीसी फायनल’, ‘टीसी फायनल खरंच’. यातली शेवटचीच कामाची, आणि ती दुसरीकडे कुठेच नाही. या वाटेने गेलेली फाइल रीसायकल बिनमध्येही सापडत नाही. मग परत सेतू केंद्र, परत रांग, परत बाबांचा मजुरीचा एक दिवस बुडाला.

म्हणून डाउनलोड्स हाताने साफ करा. आकाराप्रमाणे लावून घ्या, मोठ्या फाइल्स वर येतील. सिनेमे, एकदा इन्स्टॉल करून झालेले सेटअप, झिप उघडल्यावर उरलेली मूळ झिप. यातच बरीच जागा निघते. कागदपत्रांचे स्कॅन मात्र काही केबीचे असतात. ते उडवून जागा होत नाही, नुसती डोकेदुखी होते. त्यांचा वेगळा फोल्डर करा, एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक मेलवर. मार्कशीट आणि काही दाखले २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमध्येही मिळतात. तिथे ‘इश्यूड’ म्हणून आलेला कागद मूळ कागदासारखाच धरला जातो.

वनड्राइव्ह वापरत असाल तर त्याच्या फोल्डरमधून फाइल डिलीट करू नका, ती ऑनलाइनही जाते. राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. फाइल ऑनलाइन राहते, जागा मोकळी होते. मात्र ती परत उघडायला नेट लागेल, आणि आपल्याकडे पावसात वीज गेली की नेटचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू!

हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे. पण शेवटच्या रात्री करू नका. येत्या रविवारी दुपारी बसा, आणि ताईला शेजारी बसवा. ‘न्यू फोल्डर ३’मध्ये तिचं प्रोजेक्ट आहे की तुमचा सिनेमा, हे तिलाच माहीत.