चपटी कक्षा

भूगोलाच्या पुस्तकात ऋतूंचा धडा आला की ती आकृती आलीच. मध्ये सूर्य, भोवती अंड्यासारखी पसरट कक्षा आणि कक्षेवर चार ठिकाणी पृथ्वी. परीक्षेत ती काढायची, नावं द्यायची, गुण घ्यायचे.

हीच कक्षा एकदा प्रमाणात काढून पाहावी. लांबी 10 सेंटिमीटर धरली, तर रुंदी किती कमी भरेल? सुमारे 0.014 मिलिमीटर. पेन्सिलीची रेघ याहून कितीतरी जाड असते. सूर्यही केंद्रापासून पुरता मिलिमीटरभर सरकत नाही. म्हणजे कागदावर ते वर्तुळच. पुस्तकात ते चपटं दिसतं, कारण कक्षा बाजूने, तिरकस पाहिल्यासारखी काढलेली असते. तेवढी एक ओळ आकृतीखाली छापायला काय हरकत आहे?

ती नसते, म्हणून मूल दिसतं ते खरं धरतं. पृथ्वी जवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. आकृती पाहता मुलाचं काही चुकलेलं नाही. आसाच्या 23.5 अंशांच्या कलाचं वाक्य धड्यात असतं, ते पाठही होतं. परीक्षा झाली की वाक्य जातं, चित्र राहतं. मोठ्या, शिकलेल्या माणसांना विचारून पाहा. बरेच जण अंतराचंच कारण देतील.

प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. तेव्हा नागपुरात स्वेटर निघालेले असतात. सर्वांत दूर जाते ती जुलैच्या आरंभी, 15 कोटी 21 लाखांवर. त्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियातले कसोटी सामने भर उन्हाळ्यात चाललेले असतात, आणि आपण ते पहाटे पांघरुणात बसून पाहतो. सूर्य दोघांनाही सारखाच लांब. फरक आहे तो उन्हाच्या कोनाचा. डिसेंबरअखेर नागपुरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 45 अंश वर चढतो. मेअखेर तो थेट डोक्यावर असतो, आणि दिवस जवळजवळ अडीच तासांनी मोठा.

प्रत्येकाच्या कंपासपेटीत कंपास असतो. एखाद्या मुलीने परीक्षेत त्याने सरळ वर्तुळ काढलं, तर तिची कक्षा पुस्तकातल्या कक्षेपेक्षा जास्त बरोबर असेल. तपासणारे गुण देतील का, हे मात्र सांगवत नाही.