थंड भाडे आणि ऊबदार भाडे

जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून पहिला क्रमांक मिळविला. त्यांत मराठी मुलेही आहेत. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, एवढ्या एका वार्तेवर आपल्याकडील शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी राहते घर तारण ठेवण्याची तयारी होते. वार्ता खोटी नाही. परंतु मुलाचे गणित विद्यापीठात चुकत नाही, ते भाड्याच्या खोलीत चुकते.

व्हिसासाठी वर्षाचा निर्वाहखर्च एका बंद खात्यात आधीच भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो करण्यात आली, म्हणजे दरमहा ९९२. ती महिन्याच्या महिन्याला मोकळी होत असल्याने घरातील सर्वांना तो एक प्रकारचा पगारच वाटू लागतो, आणि आपण पगारदार माणसे पगाराचा हिशेब महिन्याने करतो. नेमकी येथेच फसगत होते. जर्मनीत वीज, उष्णता, पाणी यांपोटी दरमहा जे भरले जाते ते बिल नव्हे, अंदाजाने ठरविलेला आगाऊ हप्ता होय. खरा हिशेब वर्षाअखेर होतो.

भाड्याचीच गोष्ट घ्या. जाहिरातीत ‘थंड भाडे’ व ‘ऊबदार भाडे’ असे दोन शब्द असतात. थंड भाडे म्हणजे नुसत्या चार भिंतींचे. त्यात उष्णता, पाणी, कचरा, जिन्याची सफाई इत्यादींचे हप्ते मिळविले की ते ऊबदार होते; तरीही वीज आणि इंटरनेट बहुधा बाहेरच राहतात. अनामत म्हणून थंड भाड्याच्या तिपटीपर्यंत रक्कम मागता येते. ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूस कायद्याने हक्क आहे, पण नवख्या मुलास तो कोण सांगणार?

खोलीतील उष्णतायंत्रावर एक लहानसे मापक असते. पुण्याच्या हवेत वाढलेला मुलगा पहिल्या डिसेंबरात यंत्राची कळ पाचावर ठेवतो, कोंडल्यासारखे वाटते म्हणून खिडकीही किलकिली ठेवतो, आणि हप्ता तर ठरलेलाच आहे या समजुतीत निर्धास्त झोपतो. मापक झोपत नाही. वर्षाचा हिशेब पाठविण्यास घरमालकाला पुढील बारा महिन्यांची मुदत असते. त्यामुळे २०२४ च्या हिवाळ्याची थकबाकी २०२५ च्या डिसेंबरात, खोली सोडून गेल्यावरही दारी येऊ शकते. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये इंधनवायूचे भाव भडकले तेव्हा या अंदाजी हप्त्यांचा भरवसा किती तोकडा असतो, हे खुद्द जर्मन कुटुंबांनीही अनुभवले.

दुसरे प्रकरण नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे. घरात संच असो वा नसो, प्रत्येक घरामागे दरमहा १८.३६ युरो द्यावे लागतात. वर्षाचे २२० झाले. पत्त्याची नोंदणी होताच मागणीचे पत्र येते. ते जाहिरात समजून टोपलीत टाकले तर मागील बाकीसह वसुली होते. मात्र वर्गणी घरामागे आहे, डोक्यामागे नाही; तिघे एकत्र राहत असतील तर एकानेच भरून वाटून घ्यावी.

इंटरनेटचा करार बहुधा दोन वर्षांचा असतो. पहिल्या काही महिन्यांची सवलत पाहून मुले सही करतात. डिसेंबर २०२१ पासून मूळ मुदत संपल्यावर महिन्याच्या सूचनेने करार मोडता येतो, ही सुधारणा चांगली. पण मूळ मुदतीचे बंधन कायमच आहे. प्रवासाचा देशव्यापी मासिक पास मे २०२३ मध्ये ४९ युरोंना निघाला, जानेवारी २०२५ मध्ये ५८ झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३. पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांना तो स्वस्तात मिळतो, हे आधी विचारावे. जलद गाड्यांना तो चालत नाही. विनातिकीट सापडल्यास निदान ६० युरो दंड आहे.

आरोग्यविम्याचे सुमारे दीडशे युरो वजा केल्यावर ९९२ मधून भाडे भागवून काय उरते, हे म्युनिकसारख्या महागड्या शहरी जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच मांडून पाहावे. तेही रुपयांत गुणून नव्हे. रुपयांत गुणणारा मुलगा भाजीवर चार पैसे वाचवितो, आणि वर्षाच्या करारावर न वाचता सही करतो. (आईने दिलेल्या प्रेशर कुकरचे ओझे मात्र तो विमानतळावर तीनदा तोलून पाहतो!)

पालकांनीही फोनवर ‘जेवलास का?’ याबरोबर ‘हप्ता किती ठरला, आणि मापकावर आकडा काय आहे?’ हे विचारावे. महिन्याचे चाळीस-पन्नास युरो वर्षाअखेरच्या हिशेबासाठी बाजूला टाकणे जमत नसेल, तर ती खोली आपल्या ऐपतीबाहेरची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वसतिगृहात जागा मिळाली तर भाड्यातच बहुधा सारे येते. त्यासाठी प्रवेश निश्चित होताच अर्ज करावा, कारण रांग लांब असते.

आपल्याकडील जर्मनच्या वर्गांत रेल्वेस्थानकावरचे आणि उपाहारगृहातले संवाद मुलांकडून घोटून घेतले जातात. तेथेच एखादा खरा भाडेकरार आणि एखादे विजेचे वार्षिक बिल फळ्यावर मांडून सोडवून घ्यावे. शिक्षकास त्याकरिता एक तास पुरेल.